खाणावळवालीची छाती

मुंबईत 1912 साली धुराविरुद्ध कायदा झाला. त्याची नजर होती गिरण्यांच्या धुराड्यांवर. त्याच धुराड्यांच्या सावलीत, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत, खाणावळवाली बाई भल्या पहाटे शेगडी पेटवत असे. कोकणातून, घाटावरून एकट्याने आलेले गडी तिच्याकडे महिन्याच्या बोलीवर जेवत. कधी कोळसा, कधी भुसा, पुढे रॉकेलचा स्टो. भिंतीवर काजळी आणि दिवसभर फोडणीचा ठसका. खिडकी उघडावी तर शेजारच्या बिऱ्हाडाचा धूर आत.

गिरणीतल्या कामगाराची छाती कापसाच्या धुळीने भरे. त्या दुखण्याला बिसिनोसिस हे नाव मिळाले, कारखाना कायद्याच्या रोगांच्या यादीत जागाही मिळाली. त्याला जेवू घालणारीला धाप लागली की घरचे म्हणत, वय झालं, दमा आहे.

अज्ञान हे कारण सांगता येणार नाही. 1950 च्या दशकातच हृदयरोगतज्ज्ञ डॉ. एस. पद्मावती यांना दिल्लीत दिसले, की फुफ्फुसे निकामी होत जाऊन हृदयाची उजवी बाजू थकते तो आजार विडी-सिगारेट न ओढणाऱ्या बायकांनाही होतो, आणि पुरुषांपेक्षा कमी वयात होतो. त्यांचा संशय चुलीवर होता. वर्ध्याच्या मगनवाडीत तर धुराडे असलेली मगन चूल तयार झालेली होती.

प्रेमा पुरव यांनी 1975 मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले आणि खाणावळी चालवणाऱ्या बायकांसाठी बँकेचे दार उघडले. ते काम मोठेच. पण कर्जदार म्हणून ओळख मिळालेल्या बाईला धुरात राबणारी कामगार मात्र कोणत्याच सरकारने मानले नाही.

जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशाच्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत इंधन बदलायला सांगितले. आदेश योग्यच आहे. पण खटला शहराच्या हवेचा होता. भट्टीच्या तोंडाशी उभ्या पोराच्या छातीचा नव्हता. शिवाय गॅस आला म्हणजे सुटलो, असेही नाही. कडकडीत तेलात तळताना उठणारी वाफ बहुधा कर्करोगकारक आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2010 मध्येच नोंदवले आहे.

हॉटेलच्या परवान्यासाठी आग विझवण्याची सोय तपासतात. त्याच वेळी भटारखान्यातला पंखा धूर खरोखर बाहेर ओढतो का, हेही पाहावे. आणि वस्तादापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत प्रत्येकाला वर्षातून एकदा फुफ्फुसांची ताकद मोजणाऱ्या स्पायरोमीटरच्या नळीत फुंकायला लावावे, मालकाच्या खर्चाने. त्याला काही मिनिटे लागतात.