वेबकॉमिकचा आरंभ: आधी विनोद, मग शैली

मराठी व्यंगचित्र नियतकालिकांच्या आधाराने वाढले, हे या व्यवसायातील प्रत्येकाला ठाऊक आहे. शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर’ मासिकातून समाजसुधारणेसाठी व्यंगचित्र राबवले, शि. द. फडणीसांनी ‘हंस’ आणि ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठांवर शब्दांवाचून हसवणारे चित्र रुजवले, आणि १९६० साली सुरू झालेल्या ‘मार्मिक’ने व्यंगचित्राच्या बळावर एक संपूर्ण साप्ताहिक उभे राहू शकते हे सिद्ध केले. या साऱ्या कामामागे एक ठरलेली जागा होती, एक ठरलेली तारीख होती आणि चित्र छापायला जाण्यापूर्वी ते निरखून पाहणारी संपादकाची नजर होती. वेबकॉमिक, म्हणजे कागदासाठी न काढता थेट पडद्यावर प्रसिद्ध करण्यासाठी रचलेली चित्रमालिका, या तिन्ही गोष्टींशिवाय सुरू होते. मुंबईत मानखुर्दच्या एखाद्या दहा बाय दहाच्या खोलीत बसून मोबाइलवर बोटाने चित्र काढणाऱ्या मुलीला आज कोणाच्या परवानगीची गरज उरलेली नाही, ही मोठीच मिळकत आहे. परंतु तिचे चित्र परत करून ‘हे पुन्हा काढ’ असे सांगणारेही कोणी उरलेले नाही, हे नुकसान लहान नाही. ते काही अंशी भरून काढण्याची जबाबदारी या क्षेत्रातील जाणत्यांवर येते.

नवोदितांचा पहिला प्रश्न बहुधा शैलीविषयीचा असतो. शैली म्हणजे चित्रकाराच्या हाताची ओळख: रेषेची जाडी, चेहऱ्यांची ठेवण, रंगांची निवड आणि काय वगळायचे याचा निर्णय या सर्वांची मिळून बनलेली. ही ओळख आधी ठरवून मग तिच्यात विनोद भरता येईल, असा समज सार्वत्रिक आहे आणि बहुतेक मालिका पाचव्या-सहाव्या भागातच थांबण्याचे कारण या समजात आहे. जपानी चित्रकथांचे, म्हणजे मांगाचे, डोळे, अमेरिकी चित्रपट्ट्यांचे चेहरे किंवा लोकप्रिय देशी मालिकांची रंगसंगती उचलून आरंभ केला की चित्र पहिल्याच दिवशी सफाईदार दिसते, पण त्या चित्राला सांगण्यासारखे स्वतःचे काही नसल्यामुळे ते लवकरच मुके होते.

व्यंगचित्राचा इतिहास याच्या नेमका उलट मार्ग दाखवतो. आर. के. लक्ष्मण यांच्या ‘कॉमन मॅन’चा चौकड्यांचा कोट आणि धोतर आज अटळ वाटते, परंतु आरंभी लक्ष्मण वेगवेगळ्या प्रांतांतील, वेगवेगळ्या वेशांतील माणसांची गर्दी काढत असत आणि रोजच्या कामाच्या घाईत त्या गर्दीतील एकेक माणूस गळत जाऊन शेवटी सर्वांच्या वतीने पाहणारा, स्वतः कधीही न बोलणारा एकच वृद्ध उरला. चार्ल्स शुल्झ यांची ‘पीनट्स’ ही पट्टी २ ऑक्टोबर १९५० ते १३ फेब्रुवारी २००० अशी जवळजवळ पन्नास वर्षे चालली. तिच्या पहिल्या वर्षांतला चार पायांवर चालणारा स्नूपी आणि पुढे दोन पायांवर उभा राहून स्वप्ने रंगवणारा स्नूपी यांच्यातील फरक चित्रकाराने आधी आखून ठेवलेला नव्हता, त्या कुत्र्याचा स्वभाव जसजसा उलगडत गेला तसतसे त्याचे शरीर बदलले. रँडल मनरो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या २००५ पासूनच्या वेबकॉमिकमध्ये तर माणसे म्हणजे केवळ काड्यांच्या आकृत्या आहेत, कारण तेथील विनोद विज्ञानाच्या कल्पनांवर उभा आहे आणि त्याला चेहऱ्यांची गरजच पडत नाही. या तिन्ही उदाहरणांत विनोदाला जे लागले तेवढेच चित्रात राहिले, आणि जे राहिले त्यालाच पुढे लोक शैली म्हणू लागले.

म्हणून विचार विनोदापासून सुरू व्हायला हवा. मराठी समीक्षेने विनोदाचे शब्दनिष्ठ, प्रसंगनिष्ठ आणि स्वभावनिष्ठ असे तीन प्रकार मानले आहेत, आणि वेबकॉमिकच्या संदर्भात ही जुनी विभागणी अजूनही कामाची आहे. शब्दनिष्ठ विनोद कोटीवर चालतो. तो सर्वांत लवकर सुचतो, सर्वांत वेगाने पसरतो आणि तितक्याच वेगाने विसरला जातो. प्रसंगनिष्ठ विनोद परिस्थितीतील विसंगतीवर, म्हणजे जे व्हायला हवे आणि जे होते त्यांच्यातील अंतरावर उभा राहतो. स्वभावनिष्ठ विनोद मात्र माणसावर उभा असतो, आणि मालिकेला वर्षानुवर्षे पुरतो तो हाच. १९९१ च्या नोव्हेंबरात ‘सकाळ’मधून सुरू झालेल्या ‘चिंटू’चे दीर्घायुष्य याची साक्ष देते. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांनी चिंटू, पप्पू, मिनी, बगळ्या, जोशीकाकू, सतीशदादा ही माणसे एकदा वाचकांच्या ओळखीची करून दिली, त्यानंतर रोज नवा चुटका शोधण्याचे ओझे बरेच हलके झाले. कारण जोशीकाकूंच्या कैऱ्यांचा नुसता उल्लेख होताच पुढे काय होणार याची अपेक्षा वाचकाच्या मनात तयार होई, आणि ती अपेक्षा पुरी करणे किंवा चुकवणे एवढेच लेखकांकडे उरे. नवोदिताने पंचवीस विनोद जमवून आरंभ करण्यापेक्षा चार माणसे जमवून आरंभ करणे म्हणूनच अधिक शहाणपणाचे ठरते.

ही चार माणसे कोठून आणायची, या प्रश्नाचे उत्तर सोपे आहे, पण ते बहुतेकांना पटत नाही: ती स्वतःच्या वस्तीतूनच आणावी लागतात. उदाहरणादाखल मानखुर्द घ्या: ते हार्बर मार्गावर वाशी खाडीचा पूल ओलांडण्यापूर्वीचे मुंबईतील शेवटचे स्थानक. एका बाजूला अणुशक्तीनगरची शिस्तशीर वसाहत, दुसऱ्या बाजूला १९२७ पासून शहराचा कचरा रिचवणारी देवनारची कचराभूमी, मध्ये मंडाळा, साठेनगर, महाराष्ट्रनगर, आणि रेल्वेमार्गालगतच्या झोपड्यांतून हलवलेल्या कुटुंबांचे लल्लूभाई कंपाऊंड, असा हा भाग आहे. मुंबईच्या २००९ सालच्या मानव विकास अहवालात हे क्षेत्र ज्यात मोडते तो एम पूर्व विभाग शहरातील सर्व विभागांत तळाला होता. बाहेरून येणारी लेखणी आणि कॅमेरा या भागाकडे बहुधा याच आकड्यांतून पाहतात, आणि त्यामुळे येथील माणूस एकतर दयेचा विषय होतो किंवा त्याच्या बोलण्याची नक्कल करून हशा मिळवण्याचे साधन होतो. वस्तीतून निघालेले वेबकॉमिक हे चित्र पालटू शकते, मात्र त्यासाठी विनोदाची दिशा पहिल्या दिवशीच ठरवावी लागते: हसू माणसाच्या गरिबीवर, अंगावर, जातीवर किंवा बोलीवर न येता, त्याला अडवणाऱ्या व्यवस्थेवर आणि त्या अडचणीतून वाट काढणाऱ्या त्याच्या चतुराईवर आले पाहिजे. भरताच्या नाट्यशास्त्राने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आहेत आणि त्यांतील स्मित व हसित यांना उत्तम प्रकृतीच्या माणसांचे हास्य मानले आहे. वस्तीच्या मालिकेनेही खदखदून हसवण्याच्या मागे न लागता आधी हे ओळखीचे स्मित साधावे.

एक नमुना बारकाईने पाहता येईल. पुनर्वसनाच्या सात मजली इमारतीत सातव्या मजल्यावर राहणारी एक आजी भाजी घेण्यासाठी खिडकीतून दोरीला बांधलेली टोपली खाली सोडते, असे समजावे. पहिल्या चौकटीत भाजीवाला टोपलीत टोमॅटो ठेवतो आणि त्याच्या मागे भिंतीवर ‘लिफ्ट बंद आहे’ अशी पाटी दिसते. दुसऱ्या चौकटीत टोपली तिसऱ्या मजल्यापाशी पोहोचते आणि गजांमधून एक हात येऊन दोन टोमॅटो उचलतो. तिसऱ्या चौकटीत तोच हात टोपलीत कोथिंबिरीची जुडी ठेवतो. चौथ्या चौकटीत आजी टोपलीत डोकावून नातीला म्हणते, “बघ गं, दोन टोमॅटो कमी, कोथिंबीर जास्त. तिसऱ्या मजल्यावर पाहुणे आलेत वाटतं.” येथे कोणाचीही टिंगल झालेली नाही, शेजारधर्माचा न लिहिलेला हिशेब आणि त्या हिशेबावरून इमारतीची खबर ठेवणारी आजी यांतून हसू येते, तर बंद लिफ्टवरील टीका एकही शब्द न खर्चता पाठीमागे उभी राहते. पुढील भागांत त्याच पाटीवर गणेशोत्सवाचे, मग दिवाळीचे, मग निवडणुकीचे कागद चिकटत गेले, तर ती पाटी स्वतःच मालिकेतील एक पात्र होईल.

शैलीचे निर्णय आता या विनोदातूनच निघतात. हाताचे आणि टोपलीतील वस्तूंचे रेखाटन स्पष्ट हवे, कारण चुटका त्यांच्यावर उभा आहे. मजल्याचा आकडा वाचता आला पाहिजे. सर्व खिडक्या एकसारख्या दिसल्या तरी चालेल, किंबहुना त्या तशाच दिसाव्यात. आजीचा चेहरा तीन-चार रेषांत भागतो. स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ साली चित्रकथेच्या घडणीवर लिहिलेल्या प्रसिद्ध पुस्तकात असे दाखवले आहे की, चेहरा जितका साधा तितका तो अधिक वाचकांना आपला वाटतो, आणि दोन चौकटींमधल्या रिकाम्या पट्टीत काय घडले हे वाचकच मनाने पुरे करतो. वरील नमुन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या चौकटींमध्ये हात एकदा आत जाऊन कोथिंबीर घेऊन परत आला, ही गोष्ट कोठेही काढलेली नाही, आणि ती काढली नाही म्हणूनच वाचक तिच्यात सामील होतो.

पडद्याचा आकार हाही शैलीचा एक घटक आहे. मारिओ मिरांडा यांच्या चित्रांतील गच्च गर्दी मासिकाच्या पानावर डोळ्यांना फिरायला जागा देते, मोबाइलच्या रुंदीत मात्र तिची गिचमिड होते. मिरांडांकडून घ्यायची ती त्यांची गर्दी नव्हे, तर तरुणपणी चित्रांच्या रोजनिशीत भोवतालची माणसे टिपण्याची त्यांची सवय. कोरियात रूढ झालेली उभी मालिका, म्हणजे बोटाने वर सरकवत वरून खाली वाचायची चित्रकथा, मोबाइलला सोयीची असते. परंतु टोपलीच्या गोष्टीत वाचकाची नजर खाली उतरते आणि टोपली वर चढते, त्यामुळे उभी मांडणी चुटक्याच्या विरुद्ध जाईल. येथे चौकटी आडव्या सरकवण्याची रचना घ्यावी, किंवा रिकामी टोपली खाली येण्यापासून गोष्ट रचावी. असा निर्णय रंग भरण्याच्या आधी, कच्च्या आराखड्यातच व्हायला हवा.

अक्षरांची बाब तर मराठी चित्रकारांनी अधिकच गांभीर्याने घेतली पाहिजे. देवनागरीत वेलांट्या, मात्रा आणि अनुस्वार वर चढतात, उकार खाली उतरतात, म्हणून ओळींमध्ये रोमन लिपीपेक्षा अधिक अंतर लागते. प्रत्यय शब्दाला जोडूनच येत असल्याने शब्द लांबतात आणि फुगा, म्हणजे संवादाभोवतीचे वर्तुळ, आधी काढून मग मजकूर कोंबला तर शब्द मध्येच तुटतात. मजकूर आधी लिहावा आणि फुगा त्याच्याभोवती काढावा, हा नियम पाळला तर निम्म्या अडचणी मिटतात. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने घडवलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ यांसारखे मोफत टंक, म्हणजे तयार अक्षरसंच, आज कोणालाही वापरता येतात, पण जोडाक्षरे लहान पडद्यावर बुजत नाहीत ना, हे साध्या स्वस्त मोबाइलवर तपासल्याखेरीज भाग प्रसिद्ध करू नये. वाक्यरचनेचा लाभही घ्यावा. मराठीत शब्दक्रम बराच लवचिक असल्यामुळे हशाचा शब्द वाक्याच्या शेवटाकडे ढकलता येतो. “पाहुणे आलेत वाटतं तिसऱ्या मजल्यावर” असे आजी म्हणाली, तर गंमत आधीच निसटते आणि मागे नुसता पत्ता उरतो.

विषयाचे ज्ञान हा विनोदाचा आणखी एक भरवशाचा झरा आहे. नागपूरचे रोहन चक्रवर्ती दंतवैद्यकाचे शिक्षण घेऊन व्यंगचित्रांकडे वळले आणि ‘ग्रीन ह्यूमर’ ही त्यांची वन्यजीवनावरील मालिका देशाबाहेरही पोहोचली. तिच्यातील प्राणी गमतीने बोलतात, परंतु त्यांची चोच, पिसारा, सवयी आणि अधिवास यांत चूक सापडत नाही, आणि विनोद बहुतेक वेळा एखाद्या खऱ्या जीवशास्त्रीय गोष्टीतूनच फुटतो. मानखुर्दच्या चित्रकाराला असेच अचूक ज्ञान भंगाराच्या वर्गवारीचे, पाण्याच्या वेळांचे, हार्बर मार्गावरील डब्यांतल्या बसण्याच्या अलिखित नियमांचे किंवा ठाणे खाडीत उतरणाऱ्या रोहित पक्ष्यांचे असू शकते. या ज्ञानाची बरोबरी बाहेरचा कोणताही कसबी हात करू शकत नाही.

साधने अपुरी आहेत, ही सबब येथे टिकत नाही. शरद शर्मा यांच्या ‘वर्ल्ड कॉमिक्स इंडिया’ने गावोगावच्या, चित्रकला न शिकलेल्या लोकांकडून साध्या काळ्या पेनाने चार चौकटींची भित्तिचित्रकथा काढून घेतली, तिच्या छायाप्रती काढल्या आणि त्या पाणवठ्यावर, बसथांब्यावर, दुकानावर चिकटवल्या, वस्तीचा प्रश्न वस्तीच्याच तोंडून मांडला गेला आणि चित्रांचे कच्चेपण कोणाला खटकले नाही. वेळ नाही, ही सबबही तपासून घ्यावी. वसंत सरवटे यांनी अभियंत्याची नोकरी सांभाळून आयुष्यभर रेषेचा व्यासंग केला, ‘ललित’ मासिकातील ‘ठणठणपाळ’ या सदरलेखकाला रूप दिले आणि व्यंगचित्राच्या कलेवर मराठीत मोलाचे लेखनही केले. दर आठवड्याला एक भाग, ठरलेल्या वारी, एवढे बंधन स्वतःवर घालून घेतले तर संपादकाच्या तारखेची उणीव भरून निघते, आणि जे हाताला लवकर साधत नाही ते आपोआप गळून शैली घडू लागते.

या क्षेत्रातील प्रत्येक कसलेल्या चित्रकाराला म्हणूनच विनंती आहे की, त्याने आपल्या उपनगरातील किमान एका नवोदिताचे काम नियमितपणे पाहावे, त्यातील रेषेविषयी बोलण्याआधी त्यातील माणसांविषयी विचारावे आणि जेथे हसू दुबळ्यावर येते आहे तेथे स्पष्ट शब्दांत थांबवावे. नवोदितांनी पहिले बारा भाग एकाच जागेवर आणि त्याच चार माणसांवर रचावेत, ते प्रसिद्ध करण्यापूर्वी त्याच इमारतीतल्या, त्याच गल्लीतल्या वाचकांना दाखवावेत, आणि ज्यांचे चित्र काढले आहे ती माणसे हसली तरच पुढे जावे. मराठी वेबकॉमिकला याहून कठोर आणि याहून न्याय्य कसोटी मिळणार नाही.