शौकाची मोटारसायकल दुकानाच्या वहीत नको

व्यापारी बंधूंनो, मागच्या महिन्यात नाशिकच्या एका शोरूममध्ये मी अर्धा तास मोटारसायकलीवर बसून आलो. वय चोपन्न. सोबत मुलगा होता, म्हणून शोरूमचा पोरगा सगळी माहिती त्यालाच सांगत होता. शेवटी मुलगा म्हणाला, "गाडी अब्बांना पाहिजे." पोरगा जरा गोंधळला, मग म्हणाला, "बसा ना चाचा, बसायचे पैसे नाहीत."

ज्या गाडीवर बसलो तिला स्पोर्ट टूरिंग म्हणतात. शर्यतीच्या गाडीसारखी पळणारी, पण लांबच्या प्रवासात पाठ मोडणार नाही अशी तिची बनावट. पुढे वारा अडवणारे आवरण, हँडल थोडेच खाली, बसायला बरी सीट. बीएमडब्ल्यूने १९७६ साली आर १०० आरएस ही गाडी काढली, तिचे आवरण हवेच्या बोगद्यात तपासून बनवले होते. त्या जातीचा नमुना तिथून पुढे रूढ झाला. आपल्याकडे सामान्य माणसाला तिची चव लागली ती २००३ साली, करिझ्मा आली तेव्हा. २२३ सीसीचे इंजिन. त्या वर्षी माझ्याकडे पैसे होते आणि मी ते ग्रे कापडात घातले. त्याचा पस्तावा नाही. पण शौक मेला नाही, हे कबूल करतो.

आता किमतीचे बोलू. या जातीत दोन बाजार आहेत. एक मोठ्या गाड्यांचा. कावासाकीची निंजा घ्या, एक हजार सीसीच्या वर इंजिन, वजन सव्वादोनशे किलोच्या वर, किंमत दहा लाखांच्या पुढे. ते आपले काम नाही, इथेच सोडतो. दुसरा अडीचशे सीसीचा बाजार. त्यात सुझुकीची जिक्सर एसएफ २५० येते, दोन लाखांच्या आसपास. सरकारनेही दोन्हींमध्ये मोठी भिंत घातली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाडीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्याच्या वरच्या गाडीवर तो ४० टक्के झाला. विम्याचेही तसेच. नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा पाच वर्षांचा एकदम भरावा लागतो. २०२२ साली ठरलेल्या दराने १५० ते ३५० सीसीला ७,३६५ रुपये, त्यावर गेलात की १५,११७. आरटीओचा कर वेगळा. शोरूमच्या पाटीवर लिहिलेली किंमत म्हणजे कापडाचा नुसता भाव समजा. रंगाई, घडी, भाडे अजून बाकी आहे.

आपल्यातले बरेच जण म्हणतात, "धंद्यासाठीच घेतोय, पेठेला जायला लागते." मीही मनाशी असेच म्हणत होतो. मग एक दिवस कागद घेऊन बसलो.

माझी मोठी पेठ भिवंडी. मालेगावहून एका बाजूने सुमारे अडीचशे किलोमीटर, जाऊन-येऊन पाचशे. गाडीने लिटरला पस्तीस दिले तरी चौदा-पंधरा लिटर पेट्रोल, म्हणजे दीड हजाराच्या आसपास रुपये. मनमाडहून सकाळची पंचवटी धरून कल्याणला उतरलो तर याच्या निम्माही खर्च येत नाही, आणि गाडीत डुलकी काढता येते ती वेगळी. त्यात नमुन्यांची बोचकी. या गाडीची मागची सीट उंच आणि अरुंद असते. तिथे ताग्यांचे नमुने बांधून कसारा घाट पावसाळ्यात उतरून पाहा. भिवंडीच्या गिऱ्हाइकासमोर ओले कापड उघडायची वेळ येईल. बाजूला लावायच्या पेट्या मिळतात, पण त्यांचे पैसे वेगळे.

रस्त्याची गोष्ट तर गमतीची आहे. समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण झाला आणि तो आमण्याला, म्हणजे भिवंडीच्या दारातच उतरतो. लांब पल्ल्याच्या गाडीला यापेक्षा चांगला रस्ता कोणता? पण त्यावर दुचाकीला बंदी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर बंदी, अटल सेतूवरही बंदी. म्हणजे ज्या रस्त्यासाठी ही गाडी बनली, त्याच रस्त्यावर तिला जागा नाही. आपल्या वाट्याला तोच जुना आग्रा रोड, तेच कंटेनर आणि तेच खड्डे. त्या गर्दीत इंजिनाच्या ताकदीपेक्षा ब्रेक जास्त कामाला येतो. १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना एबीएस बंधनकारक आहे, पण ते दोन्ही चाकांना आहे की फक्त पुढच्या, हे विचारून घ्या. नातेवाईकाच्या पोरासाठी गाडी बघत असाल तरी विचारा.

कराच्या बाबतीत एक गैरसमज बाजारात फार पसरला आहे. "दुकानाच्या नावावर बिल घे, जीएसटी वजा मिळेल." मिळत नाही. मोटारसायकलीच्या खरेदीवर भरलेला जीएसटी आपल्यासारख्या कापडवाल्याला वजा मिळत नाही. घसारा वर्षाला १५ टक्के लावता येतो, पण तोही धंद्याच्या वापरापुरताच. शुक्रवारी माग बंद असताना सप्तशृंगीच्या घाटात फिरून आलात, तो धंदा नव्हे. माझा सी.ए. हे ऐकून हसला आणि म्हणाला, स्वतःच्या नावावर घ्या आणि मोकळे व्हा.

हप्त्याबद्दल आपल्या वाचकांना फार सांगायला नको. सुदापासून लांब राहणारा माणूसही "शून्य टक्के व्याज" ही पाटी बघून फसतो. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी गोष्ट अस्तित्वातच नसते. ते व्याज कुठेतरी प्रोसेसिंग फीमध्ये किंवा रोखीवर मिळाली असती त्या सवलतीत दडलेले असते. शोरूमवाल्याला एकच विचारा, "रोख दिले तर किती?" फरक तिथल्या तिथे बाहेर येतो.

पण माझा पाय खरा अडला तो यातल्या कशाने नाही. शोरूमहून परतलो त्या संध्याकाळी एक मागवाला दुकानात आला. छोटा माणूस, बारा माग. त्याचे बिल बावन्न दिवसांपासून माझ्याकडे थकले होते. दुसऱ्या दिवशी जुमा, कारागिरांना आठवड्याची मजुरी द्यायची होती. तो मागत नव्हता, फक्त खुर्चीवर बसून चहा पीत होता. माझ्या खिशात त्या गाडीचे रंगीत पत्रक होते. ते मी काउंटरच्या खाली सरकवले.

आयकर कायद्यातला नवा नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे. नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, नसेल तर १५ दिवसांत द्यायचे. मुदत टळून वर्षअखेरीस थकबाकी राहिली तर पैसे देईपर्यंत तो खर्च वजा मिळत नाही. त्यावेळी आम्ही कापडवाल्यांनी खूप ओरड केली, मीही केली. पण त्या संध्याकाळी मला वाटले, नियम नसता तरी बावन्न दिवस म्हणजे जास्तच झाले. ज्या पैशांवर मी गाडी बघत होतो, त्यातले काही पैसे त्या माणसाचे होते. कापडाच्या बाजारात पत सगळ्यांच्या नजरेवर चालते. उधारी थकवून नव्या गाडीवर फिरणाऱ्याला सूतवाला पुढच्या खेपेला कोणता भाव लावतो, हे मी वेगळे सांगायला नको.

त्याचे पैसे त्याच रात्री दिले. मग बाकीची यादी काढली. सगळे मिळून सव्वादोन लाख निघाले, जवळजवळ गाडीइतकेच.

शौक वाईट आहे असे मी म्हणत नाही. तीस वर्षे लोकांना कापड विकले, एखादी वस्तू स्वतःला आवडते म्हणून घेणे हराम नाही. फक्त ती स्वतःच्या बचतीतून, रोख आणि घरखर्चाच्या खात्यात लिहून घ्यावी. वहीत ती "प्रवासखर्च" म्हणून लिहिली की आपण स्वतःलाच फसवायला सुरुवात करतो. आणि माझ्या वयाच्या बंधूंना सांगतो, शोरूममध्ये दहा मिनिटे बसून ठरवू नका. मी अर्धा तास बसलो तेव्हा मनगटे दुखायला लागली होती, मुलाला ते कळू दिले नाही.

शोरूमच्या पोराचे दोन फोन येऊन गेले. त्याला सांगितले आहे, दिवाळीचा माल निघू दे, मागवाल्यांची यादी कोरी होऊ दे, मग येतो. तेव्हा त्याने तासभर गाडी चालवायला द्यावी, पेट्रोल माझे.