परतावा ही खैरात नव्हे!

आयकराचा परतावा किती दिवसांत मिळतो, हा प्रश्न आता लालबाग-परळ-नायगावच्या चाळींतही विचारला जातो. एके काळी आयकर हा शेठजींचा विषय होता. संविधानाने दिलेल्या हक्कामुळे आमची माणसे महापालिकेत, रेल्वेत, बँकेत, बेस्टमध्ये लागली. ती निवृत्त झाली, फंडाचे पैसे त्यांनी बँकेत मुदतठेवीत टाकले आणि व्याजातून बँकेने टीडीएस कापला. ज्यांचे उत्पन्न कराच्या मर्यादेखाली आहे त्यांचाही कापला, कारण त्यांनी वेळेत फॉर्म भरून दिला नव्हता. आता स्वतःचेच पैसे परत मागायला विवरणपत्र भरायचे आणि वाट पाहायची!

सरकारचे उत्तर तयार आहे. २०२४ च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सांगितले की, विवरणपत्रावरील प्रक्रियेला २०१३-१४ मध्ये सरासरी ९३ दिवस लागत, ते १० दिवसांवर आले. आम्ही हे खोटे म्हणत नाही. २००९ मध्ये बंगळुरूचे प्रक्रिया केंद्र सुरू झाल्यापासून पुष्कळांचे खेटे वाचले, हे मान्य केलेच पाहिजे. पण सरासरीत रखडलेला माणूस दिसत नाही. १९६१ च्या आयकर कायद्याने खात्याला किती सवलत दिली पाहा. विवरणपत्र ज्या आर्थिक वर्षात भरले, ते संपल्यावर आणखी नऊ महिने! म्हणजे जुलै २०२४ मध्ये भरलेल्या विवरणपत्राची सूचना ३१ डिसेंबर २०२५ ला काढली तरी खाते मुदतीतच. सतरा महिने! करपात्र उत्पन्नवाल्याची मुदत मात्र एका दिवसाने चुकली तरी एक ते पाच हजार रुपये विलंब शुल्क.

व्याजाचेही तेच. कर थकला तर नागरिकाने महिन्याला एक टक्का द्यायचा, सरकारने परतावा देताना अर्धा टक्का. वीस हजारांचा परतावा एप्रिल २०२४ पासून डिसेंबर २०२५ पर्यंत अडकला, तर २,१०० रुपये व्याज मिळेल. नागरिकाकडे तेवढीच रक्कम तेवढाच काळ थकली असती, तर सरकारने ४,२०० घेतले असते. हा कोणता न्याय?

आता आमच्या समाजाचे खास दुखणे सांगतो. जातीची ओळख सांगणारे आडनाव अनेकांनी टाकले आणि नवे घेतले. त्यासाठी चर्नी रोडच्या शासकीय मुद्रणालयात जाऊन राजपत्रात नाव छापून आणले. पण शाळेच्या दाखल्यावर जुने, पॅनवर नवे, बँकेत तिसरेच. लग्न झालेल्या भगिनींची तर आणखी गुंतागुंत. परतावा खात्यात जमा होण्यासाठी पॅन आणि बँक खाते यांची पडताळणी व्हावी लागते. नाव जुळले नाही की पैसे अडकले. ३० जून २०२३ पर्यंत आधारशी न जोडलेली पॅन कार्डे १ जुलैपासून निष्क्रिय ठरली. हजार रुपये भरून जोडेपर्यंत परतावा नाही, त्या काळाचे व्याज नाही आणि ठेवीवरील टीडीएस दहाऐवजी वीस टक्के. नाव जुळत नाही म्हणून जोडणी होत नाही, जोडणी नाही म्हणून पैसे नाहीत. ज्याने जातीचे ओझे झुगारले, त्यालाच हा दंड!

पुण्याच्या सँडविक एशिया कंपनीला परताव्यावरील व्याज बारा ते सतरा वर्षे उशिरा मिळाले. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढली आणि २००६ मध्ये न्यायालयाने त्या विलंबाची भरपाई द्यायला लावली. कंपनीकडे वकील होते. वीस हजारांसाठी निवृत्त सफाई कामगार दिल्लीला जाईल काय?

कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर बसवता वा वसूल करता येणार नाही, असे संविधानाचे कलम २६५ सांगते. जो कर देणेच नव्हता, तो सरकारने ठेवून कसा घ्यायचा? केंद्रीय महसूल मंडळानेच ११ एप्रिल १९५५ च्या परिपत्रकात अधिकाऱ्यांना बजावले होते की, करदात्याच्या अज्ञानाचा फायदा घेऊ नका, त्याला मिळणारा परतावा त्याच्या लक्षात आणून द्या. फेब्रुवारी २०२५ च्या नव्या आयकर विधेयकात मात्र उशिरा विवरणपत्र भरणाऱ्याचा परतावाच नाकारणारे कलम घातले गेले. संसदेच्या प्रवर समितीने हरकत घेतल्यावर ते वगळले. लक्ष नसते तर आमच्याच लोकांच्या पैशावर पाणी फिरले असते.

आमची मागणी स्पष्ट आहे. राजपत्राची प्रत जोडली की नावातील तफावत तीस दिवसांत दुरुस्त झाली पाहिजे आणि त्या कारणाने रखडलेल्या परताव्यावर पूर्ण व्याज मिळाले पाहिजे. पण केवळ सरकारला बोल लावून भागणार नाही. नाक्यावरचा एजंट स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ई-मेल टाकतो, खात्याची नोटीस त्याच्याकडे जाते आणि आमच्या माणसाला पत्ताच नसतो. ‘मोठा रिफंड काढून देतो’ म्हणत खोट्या देणग्या दाखवणारेही आहेत. जुलै २०२५ मध्ये खात्याने अशांवर देशभर कारवाई केली, त्यात नोटिसा मात्र सही करणाऱ्यांच्या घरी येतात. बँकांतील आणि लेखा विभागांतील आमच्या कर्मचारी संघटनांनी जून-जुलैच्या रविवारी बुद्धविहारात दोन तास बसावे. येणाऱ्याचे पॅन, आधार आणि पासबुक शेजारी ठेवून तिन्हींवरचे नाव आधी वाचावे. विवरणपत्र नंतर भरावे, आणि त्यात मोबाइल नंबर ज्याचा त्याचाच टाकावा.