अंगणांतील हिरवळ आणि आपोआप चालणारें यंत्र

सांप्रत आपल्या बागाईती गांवांतून शेतावर नवीं घरें बांधण्याची व घरापुढें हिरवळ राखण्याची हौस वाढत आहे. ही हौस वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. ज्यानें आयुष्यभर उसाची अगर द्राक्षांची निगा राखिली, त्यानें उतारवयांत सायंकाळीं हिरवळीवर खुर्ची टाकून बसावें, यांत कोणाचें कांहीं जात नाहीं. परंतु हिरवळीच्या मागोमाग ती कापणारा रोबोहि येऊं लागला असून, पुण्यामुंबईस अगर परदेशीं असलेले मुलगे तो वडिलांकरितां पाठवूं लागले आहेत. हें यंत्र घ्यावें कीं न घ्यावें, आणि घेतल्यास काय पाहून घ्यावें, असें आम्हांस विचारण्यांत येतें. त्याविषयीं आमचें मत वाचकांपुढें ठेवीत आहों.

नव्या यंत्राचा आम्हांस तिटकारा नाहीं, हें आरंभींच सांगणें जरूर आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन नासते अशी समजूत धरून आपल्याच लोकांनीं तो नाकारिला होता. ती चूक पुनः करावी असें आम्ही सांगणार नाहीं. गवत कापण्याचें यंत्रहि कालचें नव्हे. इंग्लंडांत स्ट्राउड गांवाजवळ एडविन बडिंग यानें, लोंकरी कापडावरील लव छाटणारें गिरणींतलें यंत्र पाहून, १८३० सालीं तें प्रथम केलें. मनुष्यावांचून चालणारें यंत्र स्वीडनमधील हुस्कवर्ना कंपनीनें १९९५ सालीं विक्रीस आणिलें. तें सूर्याच्या उन्हावर चालत असे. तेव्हां वस्तु चांगली आहे. प्रश्न एवढाच कीं, ती ज्या अंगणाकरितां निघाली तें अंगण आणि आपलें अंगण एक आहे काय?

प्रथम या यंत्राची रीत समजून घ्यावी. त्याच्या पोटाखालीं फिरती तबकडी असून तिला वस्तऱ्याच्या पात्यासारखीं लहान पातीं असतात. तें वाढलेलें गवत कापीत नाहीं. रोज थोडें थोडें छाटतें. विळा घेतलेल्या गड्यापेक्षां त्यास रोज दाढी करणारा न्हावी म्हणणें अधिक योग्य. छाटलेला भुगा जागींच पडतो व कुजून त्याच हिरवळीस खत होतो. विजेचा सांठा संपत आला कीं यंत्र आपण होऊन आपल्या ठाण्यावर परततें. पुष्कळशा यंत्रांची छाटण्याची उंची सुमारें २ ते ६ सेंटिमीटर असते. एवढें ध्यानांत घेतलें म्हणजे आपल्याकडील पहिली अडचण आपोआप दिसते. आषाढांत झड लागून आठ दिवस यंत्र बंद राहिलें, तर हरळी त्याच्या आवांक्याबाहेर जाते. मग आधीं हातानें गवत उतरवावें लागतें, आणि नंतरच यंत्र चालतें. म्हणून रोबो घेतला म्हणजे विळा मोडीत काढतां येईल, असें कोणीं समजूं नये.

दुसरी गोष्ट मोजणीची. आमचें आयुष्य महसूल खात्यांत मोजणीचे आंकडे उतरविण्यांत गेलें असल्यानें तिजविषयीं थोडें अधिक लिहितों. यंत्रावर क्षेत्र चौरस मीटरांत छापलेलें असतें. एक गुंठा म्हणजे सुमारें १०१ चौरस मीटर. यास्तव ५०० चौरस मीटरांचें यंत्र पांच गुंठ्यांस पुरें पडेल, असें कागदावर दिसतें. पण हा आंकडा सपाट, मोकळ्या व नीट आकाराच्या हिरवळीचा समजावा. जेथें आळीं, फरशा, तुळशीवृंदावन व झाडांचे पार मध्यें येतात, तेथें छापील आंकड्याच्या तीन-चतुर्थांशच काम धरावें. उताराचेंहि तसेंच. दुकानदार ३५ टक्के चढ चढतें असें सांगतो, आणि ऐकणारा ३५ अंश समजतो. ३५ टक्के म्हणजे शंभर फुटांस ३५ फूट चढ, सुमारें १९ अंश. पुरे ४५ अंश व्हावयास १०० टक्के चढ लागतो. दोन खुंट्या ठोकून पाण्याच्या नळीनें पातळी पाहिली तर आपल्या अंगणाचा चढ पांच मिनिटांत कळतो. शिवाय ओल्या काळ्या मातींत चाकें घसरतात, म्हणून सांगितलेल्या चढाच्या निम्माच भरंवशाचा मानावा.

तिसरी गोष्ट हद्दीची. यंत्रास हद्द दाखविण्याच्या रीती अनेक आहेत. एका रीतींत कडेनें तार पुरतात व तींतून सौम्य प्रवाह खेळवितात. दुसरींत आकाशांतील उपग्रहांच्या आधारें यंत्र आपली जागा ओळखतें. तिसरींत कॅमेऱ्यानें पाहून चालतें. यांतील कोणतीहि रीत निर्दोष नाहीं. उपग्रहांस मोकळें आकाश लागतें. आंब्याच्या गर्द छायेंत किंवा उंच भिंतीलगत यंत्र गोंधळतें. कॅमेऱ्यास उजेड लागतो. तार सर्वांत साधी खरी, परंतु वीज गेली कीं तारेंतील खूण नाहींशी होते आणि यंत्र असेल तेथेंच थांबतें. आपल्या गांवीं वीज किती वेळां जाते हें वाचकांस सांगावयास नको.

चौथी गोष्ट जीवांची. यंत्र उचललें वा कलंडलें तर पातीं थांबतात, ही सोय चांगली आहे. तथापि लहान मुलें अंगणांत असतां तें चालूं देऊं नये. युरोपांत हेजहॉग नांवाचा एक कांटेरी निशाचर प्राणी बागांतून हिंडतो. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत १८ प्रकारचीं यंत्रें मेलेल्या हेजहॉगांवर चालवून पाहण्यांत आलीं. अंगास लागल्यावांचून एकाहि यंत्रास तो प्राणी कळला नाहीं, आणि कित्येकांनीं जखमा केल्या. आपल्याकडे तेथें बेडूक, सरडे व कोंबडीचीं पिलें आहेत. बेडूक पिकावरील किडे खातो, तो आपला बिनपगारी गडी आहे. म्हणून यंत्र दिवसाउजेडींच चालवावें, आणि पावसाळ्यांत तिन्हीसांजेनंतर तें हटकून बंद ठेवावें.

या सर्व गोष्टींहून मोठी गोष्ट पाण्याची आहे. ती यंत्राच्या माहितीपत्रकांत नसते. उन्हाळ्यांत हिरवळीस दररोज ५ मिलिमीटर पाणी धरलें, तरी एका गुंठ्यास सुमारें ५०० लिटर लागतें. पांच गुंठ्यांस २,५०० लिटर. महिन्याचे ७५,००० लिटर. दहा हजार लिटरांच्या टँकरनें मोजल्यास साडेसात टँकर झाले. आमच्या परिचयाच्या एका बागाईतदारांनीं सहा गुंठे हिरवळ केली व मुलानें त्यांस तारेचें यंत्र धाडिलें. हिवाळाभर तें उत्तम चाललें. गांवचीं पोरें कुंपणाशीं उभीं राहून पाहत. एप्रिलांत विहीर तळास गेली. द्राक्षबाग जगवावी कीं हिरवळ, असा प्रश्न पडला, आणि त्यांनीं शहाणपणानें हिरवळीचें पाणी तोडिलें. काळी जमीन उकलली, तिच्या भेगांनीं तार ताणून तीन ठिकाणीं तुटली. दुरुस्तीचा मनुष्य शहराहून येण्यास तीन आठवडे लागले. तोंपर्यंत वळीव होऊन हरळी वीतभर वाढली होती. अखेर शेजारच्या बाईंनीं दोन दिवसांत विळ्यानें ती उतरविली व भारे आपल्या म्हशीस नेले.

या बाईंविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. यंत्र येण्यापूर्वीं पावसाळ्यांत दर आठवड्यास त्या तेथून गवताचा भारा नेत. मालकाचें अंगण स्वच्छ राही, त्यांच्या म्हशीस हिरवा चारा मिळे, आणि पैशाची देवघेव क्वचितच होई. यंत्राचा भुगा हिरवळीस खत होतो, पण म्हशीच्या दावणींत कांहीं पडत नाहीं. गडीमाणूस मिळत नाहीं अशी तक्रार आपण नेहमीं करितों, व ती पुष्कळ अंशीं खरी आहे. परंतु जें माणूस अजून उभें आहे त्याचा भारा बंद करून मग माणूस मिळत नाहीं म्हणणें, हें आम्हांस न्यायाचें वाटत नाहीं. खळ्यावर बोलाविलें तर तीच बाई येते, हें विसरूं नये.

तेव्हां आमचें मत थोडक्यांत असें. ज्याची हिरवळ दोन गुंठ्यांपर्यंत आहे त्यानें रोबोच्या भानगडींत पडूं नये. हातानें ढकलावयाचें फिरत्या पात्यांचें यंत्र पुरें आहे. बडिंगची ती युक्ति अजून जुनी झालेली नाहीं. ज्याच्या घरीं गुरें आहेत त्यानें विळाच ठेवावा. ज्यांनीं कृषिपर्यटनाचा धंदा काढिला आहे, ज्यांची हिरवळ मोठी व सपाट आहे आणि उन्हाळ्यांत पाण्याची निश्चिति आहे, त्यांनीं यंत्र खुशाल घ्यावें. मात्र दुरुस्तीचा मनुष्य किती दिवसांत येईल व पातीं आणि बॅटरी कोठें मिळतील, हें आधीं लेखी घ्यावें. वीज जाते तेथें कमी-अधिक दाबापासून संरक्षणाची सोय करावी, आणि वळवाच्या गडगडाटांत ठाण्याची जोडणी काढून ठेवावी. जेथें म्हातारीं दोघेंच राहतात व गवत काढणें होत नाहीं, तेथें यंत्र वाढविण्यापेक्षां हिरवळ कमी करावी. चार झाडें कढीलिंबाचीं, एक चाफा, एक रामफळ लावावें. छायाहि मिळते व पाणीहि वांचतें.

आणि यंत्र पाठविणाऱ्या मुलांसहि एक सांगणें आहे. हीं यंत्रें मोबाईलवरून चालवितात, आणि त्याचा परवलीचा आंकडा बहुधा पाठविणाऱ्यापाशींच राहतो. मग गांवीं यंत्र अडलें कीं वडिलांनीं मुलाचा दिवस केव्हां उजाडतो याची वाट पाहावी लागते. तो आंकडा घरांतील भिंतीवर लिहून ठेवावा. त्याहून बरें म्हणजे, यंत्राबरोबर आपणहि चार दिवसांची रजा काढून यावें. हिरवळीची मापें वडिलांसह घ्यावीं, तार आपल्या हातानें पुरावी, व विहिरीची पातळी एकदां वांकून पाहावी. तसें केल्यास यंत्र घेणें योग्य कीं अयोग्य, हें आमच्या लेखावांचूनहि त्यांस समजेल.