पोलादी फ्रेम : आधी जोड, मग रंग

सायकलची पोलादी फ्रेम एका दणक्यात क्वचितच तुटते. बहुतेक वेळा ती थकून तुटते. पेडलच्या प्रत्येक दाबाला बॉटम ब्रॅकेटभोवतीच्या नळ्या किंचित पिळवटतात, चाक खड्ड्यात आपटले की हँडलमागचा जोड वाकू पाहतो, आणि हजारो वेळा असे झाल्यावर ताण जिथे सर्वांत जास्त तिथे बारीक चीर पडते. आयएसओ ४२१० या सुरक्षा-मानकात नव्या फ्रेमवर पेडलच्या जोराची १ लाख आवर्तने देण्याची चाचणी ठेवली आहे ती याच कारणासाठी. चिरेतून पाणी शिरते, रंगाखाली गंज धरतो आणि मालकाला पहिल्यांदा दिसते ती रंगातली तांबूस रेघ. ती रेघ दिसताच फ्रेम मेस्त्रीकडे आली तर काम सोपे असते. नळी पूर्ण तुटेपर्यंत सायकल रेटली, तर जोडाबरोबर सरळपणाही जातो.

मुळशी तालुक्यातल्या पिरंगुट-उरवडे पट्ट्यात अशा फ्रेमा दोन जातींच्या भेटतात. पहिली काळी, दांडीची सायकल : हिरो, अ‍ॅटलस, हर्क्युलस. हिच्या नळ्या जाड भिंतीच्या साध्या पोलादाच्या असतात आणि बाहेरून लग (नळ्या जोडणारे पोलादी सॉकेट) घालून पितळेने झाळलेल्या असतात. कॅरिअरवर दुधाचे कॅन किंवा पोती वर्षानुवर्षे वाहिली, की ती मागच्या एक्सलच्या खाचेपाशी किंवा सीटखालच्या लगपाशी चिरते. दुसरी, पुण्याहून मुळशीच्या घाटरस्त्यांवर येणारी गियरची सायकल. तिची नळी क्रोममॉलीची, टोकांना जाड आणि मध्ये पातळ. चांगल्या फ्रेममध्ये मधली भिंत जेमतेम अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची. ही हँडलच्या नळीमागे खालच्या अंगाला, किंवा चेनच्या बाजूच्या मागच्या दांडीत तुटते. पहिलीला चालणारा उपाय दुसरीला मारक ठरतो, म्हणून गॅस पेटवण्याआधी समोर काय आहे ते ओळखावे लागते. चुंबक चिकटला नाही तर फ्रेम बहुधा अ‍ॅल्युमिनियमची. ती बाजूला ठेवावी, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने तिची कमावलेली ताकद जाते आणि पुन्हा उष्णोपचार केल्याशिवाय परत येत नाही. चुंबक चिकटला तर लगच्या कडेचा रंग थोडा खरवडावा. तिथे पिवळी रेघ दिसली म्हणजे जोड पितळेचा आहे.

पुण्यात जुन्या विलायती सायकली जपणारे लोक आहेत, त्यांच्या फ्रेमा आल्या तर जास्त जपावे. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्सची ५३१ ही नळी १९३५पासून बाजारात आली. ती झाळण्यासाठी बनवलेली आहे. तिच्यावर वेल्डिंगचा आर्क नेऊ नये.

चीर कुठे संपते हे समजल्याशिवाय दुरुस्ती सुरू करता येत नाही. दोन्ही बाजूंना चार-पाच सेंटिमीटर रंग काढून धातू उघडा करावा. त्यावर रॉकेल लावून दहा-पंधरा मिनिटे थांबावे, कोरड्या फडक्याने पूर्ण पुसावे आणि खडूची पूड चोळावी. चिरेत मुरलेले रॉकेल पुडीत उतरते आणि डोळ्यांना न दिसणारे टोकही ओल्या रेषेने उमटते. लाल डायचा स्प्रे मिळत असेल तर उत्तम, पण खडू-रॉकेलने काम अडत नाही. मात्र कार्ब्युरेटर किंवा ब्रेक साफ करायच्या क्लोरीनयुक्त द्रावणाने जोड धुऊन लगेच वेल्डिंग करू नये. त्यातून फॉस्जीनसारखा विषारी वायू तयार होतो.

काही कामे नाकारलीच पाहिजेत. पुढचा चिमटा तुटला किंवा त्याची वर जाणारी दांडी क्राउनपाशी चिरली, तर तो बदलावा. दुरुस्त करू नये. मागचा जोड सुटला तर सायकल बहुधा डगमगते आणि थांबते, पुढचा सुटला तर माणूस तोंडावर पडतो. आतून गंजून पातळ झालेल्या नळीचेही तेच. पंचने हलका ठोका दिल्यावर नळी दबली, तर तिथे टाका धरायला धातूच उरलेला नाही.

मुख्य घोटाळा जोडाच्या पद्धतीत होतो. या पट्ट्यात फॅब्रिकेशनच्या शेड आहेत, गेट-ग्रिल करणारे कसबी हात आहेत, आणि फ्रेम साहजिकच त्यांच्याकडे जाते. पण तिथली सवय जाड अँगल आणि चॅनलची. साध्या आर्कच्या काडीने पातळ नळीला भोक पडते. नाही पडले तर टाक्याच्या कडेला खाच राहते आणि नवी चीर तिथूनच निघते. वर मोठा गोळा चढवून ग्राइंडर मारला, की नळीची भिंतच कापली जाते. पातळ नळीला टिग वेल्डिंग योग्य : ईआर७०एस-२ची बारीक काडी, नळीच्या आतून आर्गॉन, आणि शक्य तितकी कमी उष्णता. मात्र पितळ लागलेल्या जागी टिगही नको. वितळलेले पितळ तापलेल्या, ताण असलेल्या पोलादाच्या कणांमध्ये घुसते आणि पोलाद ठिसूळ होते. त्यातले जस्त उकळून टाक्यात भोके पडतात. एकदा पितळेने जोडलेला सांधा पुढेही पितळेनेच जोडावा. हा नियम शेडमध्ये सर्वांत जास्त मोडला जातो.

पितळी झाळेला घाई चालत नाही. सांधा कानशीने चकचकीत करावा, टाकणखाराची पेस्ट लावावी आणि दोन नळ्यांत साधारण ०.१ ते ०.२ मिलिमीटर फट राहील असे बसवावे. बॉटम ब्रॅकेटमधले (बीबीतले) ग्रीस आधीच काढून टाकावे. नळी दोन्ही टोकांना बंद असेल तर हवा निघायला बारीक भोक पाडावेच, नाहीतर आतली हवा तापून वितळलेले पितळ बाहेर फेकते. ज्योत न्यूट्रल किंवा किंचित जास्त अ‍ॅसिटिलीनची. टाकणखार आधी फुगून पांढरा फेस होतो, मग बसतो आणि शेवटी पाण्यासारखा स्वच्छ पसरतो. नळी लाल झाली की पितळेची काडी ज्योतीला न दाखवता नळीला टेकवावी. ती सुमारे ९०० अंशांना वितळते आणि जिकडे उष्णता तिकडे फटीत धावते. लगच्या दुसऱ्या कडेला पिवळी रेघ उजळली म्हणजे पितळ आरपार गेले. पांढरा धूर दिसू लागला तर जस्त जळते आहे. ज्योत लगेच मागे घ्यावी. तो धूर घेतलेल्या माणसाला रात्री थंडी वाजून ताप येतो. क्रोम चढवलेल्या भागावरचे क्रोम आधी घासून काढावे आणि कॅडमियम असलेली चांदीची काडी दुकानात आणूच नये. जोड हवेतच थंड होऊ द्यावा. क्रोममॉलीवर पाणी ओतले तर ती कडक होऊन पुन्हा चिरते.

चीर लगपासून दूर, नळीच्या मध्यावर असेल तर नुसती भरून भागत नाही. चिरेच्या टोकाला दोन-तीन मिलिमीटरचे भोक पाडून ती थांबवावी, नळी कापून आत घट्ट बसणारी बाही घालावी आणि बाहीची टोके तिरकी कापावीत. सरळ कापलेली कड नळीच्या पूर्ण घेरावर एकाच रेषेत ताण आणते. लगवाल्या फ्रेममध्ये मात्र तुटलेली नळी तापवून काढून नवी बसवणे हा सर्वांत चांगला उपाय आहे. वेळ लागतो, पण पोलादी फ्रेम मुळात याच सोयीने बांधलेली असते.

झाळ थंड झाल्यावर सरळपणा तपासावा. त्यासाठी एक दोरी पुरते. मागच्या डाव्या खाचेला दोरी बांधून ती हँडलच्या नळीभोवती फिरवून उजव्या खाचेला ताणून बांधावी आणि सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर मोजावे. दोन मापांत फरक आला, तर मागची बाजू मधल्या रेषेतून सरकलेली असते. जुन्या माउंटन सायकलला मागच्या खाचांमधले अंतर सहसा १३५ मिलिमीटर असते, रिमब्रेकच्या रोड सायकलला १३०. थोडा फरक पोलाद थंड असतानाच वाकवून निघतो.

मग रंग, आणि उरवड्यासारख्या पावसाच्या गावात इथे ऋतू पाहावा लागतो. टाकणखाराचा काचेसारखा उरलेला थर गरम पाण्यात भिजवून तारेच्या ब्रशने पूर्ण काढावा. तो ओलावा ओढतो आणि काही महिन्यांत वरचा रंग उचलला जातो. सँडब्लास्ट केलेले उघडे पोलाद जून ते सप्टेंबरमध्ये रात्रभर ठेवले तर सकाळी पिवळे पडते, म्हणून प्रायमर त्याच दिवशी मारावा. कॉम्प्रेसरच्या नळीत पाणी धरणारा फिल्टर हवा. दमट हवेत एनसी (नायट्रोसेल्युलोज) रंग पांढुरका पडतो. दिवसभर पाऊस असेल तर काम पुढे ढकलणे बरे. जुन्या सायकलींच्या रंगात शिसे असण्याची शक्यता मोठी आहे. शिशावरची ९० पीपीएमची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून लागू झाली, तीही घरगुती आणि सजावटीच्या रंगांना. म्हणून जुना रंग वॉटर पेपरने ओलाच घासावा, कोरडी धूळ उडवू नये.

पावडर कोटिंग आता औद्योगिक पट्ट्यांत सहज होते. भट्टीतल्या १८० ते २०० अंशांचा पितळी झाळेला काही त्रास नाही. पण तीन गोष्टी बजावून सांगाव्या लागतात. लांबी (पुट्टी) भरलेली फ्रेम भट्टीत घालू नये, लांबी फुगते. बीबीचे आटे, हँडलच्या कप बसायच्या जागा आणि सीटची नळी झाकून द्यावी. ६० ते ८० मायक्रॉनचा थर आट्यांत बसला की कप चढत नाही. तिसरी गोष्ट सर्वांत जास्त विसरली जाते. पावडरआधीच्या सात टाक्यांच्या धुण्यातले अ‍ॅसिड नळ्यांत अडकून राहते आणि फ्रेम आतून खाते. धुतल्यावर फ्रेम उलटसुलट करून भरपूर पाण्याने विसळावी, तापवून वाळवावी. भट्टीतून आल्यावर नळ्यांत जवसाचे तेल फिरवून जादाचे गाळून टाकावे. हा जुना उपाय आजही चालतो.

तरीही जोडलेल्या फ्रेमला हाताने मारलेला रंगच बरा. पावडरचा जाड, लवचीक थर खालची नवी चीर बराच काळ झाकून ठेवतो. पातळ इपॉक्सी प्रायमर आणि वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन) मारला, तर चीर लवकर दिसते. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते. त्याला साधा कापडी रुमाल पुरत नाही, वाफा रोखणारा मास्क लागतो. थिनर आणि अ‍ॅसिटिलीनची टाकी एका छोट्या शेडमध्ये ठेवणेही थांबले पाहिजे. जून २०२१मध्ये उरवड्यातल्या रासायनिक कारखान्याच्या आगीत अनेक कामगारांचे जीव गेले. या गावात ज्वालाग्राही मालाबद्दल सैलपणाला जागा असूच नये.

फ्रेमवर कोरलेला क्रमांक घासू नये आणि लांबीने बुजवू नये; चोरीची सायकल ओळखायची ती त्यावरूनच. रंगाआधी जोडाचा उघड्या धातूचा फोटो काढावा. सायकल दुकानातून शेडमध्ये, शेडमधून कोटिंगला आणि परत दुकानात येते. जोड पाहायचे काम मात्र तिघांपैकी कोणाचेच नसते. ते दुकानाच्या मेस्त्रीने आपल्याकडे घ्यावे आणि स्वतः पाहिल्याशिवाय फ्रेम रंगाला सोडू नये. बिलावर जोडाची जागा, काडीचा प्रकार आणि तारीख लिहावी. ग्राहकाला महिन्याभराने, आणि त्यानंतर प्रत्येक पावसाळ्याआधी, सायकल दाखवायला सांगावे. तेव्हा जोडाच्या कडेला रंगात रेघ दिसली, तर वरून रंगाचा हात न फिरवता खडू आणि रॉकेलपासून पुन्हा सुरुवात करावी.