मूर्तीविना मंदिर

काशीला गेलेला मराठी माणूस विश्वनाथ, अन्नपूर्णा, कालभैरव करतो, गंगेत बुडी मारतो, घरच्यांसाठी गंगाजलाचे गडू घेतो आणि गाडीत येऊन बसतो. काशी विद्यापीठाच्या आवारातलं भारतमाता मंदिर बहुतेकांच्या यादीत नसतं. आमच्याही नव्हतं. १९९८ साली आईला घेऊन गेलो होतो. परतीची गाडी चार तास उशिरा सुटणार असं कळलं, म्हणून केवळ वेळ काढायला तिकडे गेलो. वाटेत आईने झेंडूच्या फुलांची पुडी घेतली. देवळात रिकाम्या हाताने जायचं नसतं, हा तिचा नेम.

आत मूर्तीच नव्हती. कठड्यापलीकडे, जमिनीवर पसरलेला संगमरवरी भारत होता. फाळणीपूर्वीचा, अफगाणिस्तानपासून ब्रह्मदेशापर्यंतचा. सुमारे ३१ फूट लांब नि ३० फूट रुंद. डोंगर वर आलेले, नद्यांची खोरी कोरलेली. एक इंच म्हणजे ६.४ मैल. याच मापाने उंची धरली असती तर एव्हरेस्ट इंचभरही भरलं नसतं. म्हणून उंचीसाठी एक इंचाला २००० फूट असं वेगळं प्रमाण धरलं आहे आणि एव्हरेस्ट सव्वा फुटाच्या आसपास गेलं आहे. भक्तीने भारावलेल्या माणसाने फूटपट्टी हातातून सोडली नाही, याचं मला फार अप्रूप वाटलं.

हा माणूस म्हणजे 'आज' दैनिकाचे संस्थापक बाबू शिवप्रसाद गुप्त. १९१३च्या कराची काँग्रेसहून परतताना ते पुण्याला आले आणि धोंडो केशव कर्व्यांच्या आश्रमात गेले. तिथे जमिनीवर मातीचा, उंचसखल असा भारताचा नकाशा केलेला होता. तो त्यांच्या मनात घर करून राहिला. ज्या कर्व्यांवर विधवेशी लग्न केलं म्हणून गावाने बहिष्कार घातला, त्यांच्या विधवाश्रमातला नकाशा काशीत देव होऊन बसला! पुण्याहून काशीला जाणाऱ्यांना हे कुणी सांगत का नाही?

मूर्ती नाही हे उणं आहे, असं म्हणणारे भेटतात. मला ते मुळीच पटत नाही. भारतमातेची मूर्ती करायची म्हटली की तिला कुठल्या तरी एका प्रांताची साडी नेसवावी लागते, एकच चेहरा द्यावा लागतो. नकाशात मात्र प्रत्येकाला आपला मुलूख शोधता येतो. २५ ऑक्टोबर १९३६ रोजी महात्मा गांधींनी या मंदिराचं उद्घाटन केलं, तेव्हा हरिजनांसह सर्व जाती-धर्मांच्या लोकांना हे आपलं वाटावं, अशी आशा त्यांनी व्यक्त केली होती. मूर्ती असती तर पुजारी आला असता. पुजारी आला की सोवळं यायला कितीसा वेळ?

हे सगळं मी आईला उत्साहाने सांगत होतो. तिचं लक्ष नव्हतं. ती कठड्याला धरून पश्चिमेच्या बाजूला सरकत गेली होती.

"सिंधू हीच ना रे?"

"हो."

"मग कराची तिथे."

आईचा जन्म कराचीचा. १९४७ साली दहा वर्षांची असताना आईवडिलांबरोबर पुण्याला आली, ती परत गेली नाही. घरी हा विषय निघाला की ती उठून स्वयंपाकघरात जायची. इथे तिला जायला स्वयंपाकघर नव्हतं. शाळा, ट्राम, क्लिफ्टनची वाळू असं तुटक तुटक सांगत राहिली. मी गप्प ऐकत होतो. माझी इंच-मैलांची गणितं मला जरा ओशाळवाणीच वाटू लागली.

मग तिने पुडी सोडली आणि रखवालदाराकडे पाहिलं.

"यहाँ पूजा नहीं होती, माताजी," तो हळूच म्हणाला.

"पूजा नको रे. एक फूल फक्त," ती मराठीतच म्हणाली. त्याला किती कळलं कोण जाणे. त्याने आजूबाजूला पाहिलं, फूल घेतलं आणि, "कहाँ?" म्हणून विचारलं.

आईने बोट दाखवलं.