खड्यांची खिरापत

दिवाळीच्या सुट्टीपूर्वी शाळाशाळांतून भरणाऱ्या हस्तकलेच्या प्रदर्शनांत एक गोष्ट अलीकडे कोणाही डोळस माणसाच्या ध्यानात आल्यावाचून राहत नाही. ती ही की, ज्या वस्तूवर चमचमणारे खडे अधिक, तिच्यापुढे गर्दी अधिक, आणि परीक्षकांच्या कौलाचा ओघही बहुधा त्याच दिशेला. शुभेच्छापत्र असो, ओवाळणीचे तबक असो की आकाशकंदील असो, रेखाटनात काय आहे, कात्री कशी चालली आहे, कागदाची घडी नेमकी बसली आहे की नाही, याची पृच्छा मागाहून. प्रथम पाहावयाचे ते तेज. या शिरस्त्याविरुद्ध एक तक्रार शिक्षक आणि परीक्षक यांच्या दरबारी दाखल करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. (रुखवताची बाब मी मुद्दाम वगळतो, तेथे हौसेला मोल नसते, आणि विहीणबाईंना चार शब्द सुनावण्याची मुभा घेण्याइतके धैर्य माझ्या अंगी नाही.)

तक्रारीपूर्वी प्रतिवादीची बाजू ऐकून घेणे न्यायाचे ठरेल. कारण खोटे ते खोटेच असे म्हणून या खड्यांपुढे नाक मुरडणारा सोवळा वर्ग आपल्याकडे फार जुना आहे, आणि त्याच्या पंगतीला बसण्याची माझी इच्छा नाही. ऱ्हाइन नदीच्या परिसरात सापडणाऱ्या स्फटिकाच्या गोट्यांवरून ज्यांना ऱ्हाइनस्टोन हे नाव पडले, त्यांची जागा अठराव्या शतकात काचेने घेतली. आणि हे कार्य ज्याच्या हातून विशेषकरून सिद्धीस गेले तो गेओर्ग फ्रीडरिश स्ट्रास हा कारागीर, स्ट्रासबुर्गहून पॅरिसला येऊन, काचेच्या रसात शिसे मिसळून हिऱ्याची अशी बेमालूम नक्कल करू लागला की, 1734 साली खुद्द फ्रान्सच्या राजाच्या जवाहिऱ्याचे पद त्याच्याकडे चालत आले. म्हणजे ज्या खड्याला आपण बाजारू समजतो, त्याचा मानमरातब प्रथम राजदरबारी झाला. पुढे दीड शतकाने, बोहेमियातील काचकामाच्या परंपरेत वाढलेल्या डॅनिएल स्वारोव्हस्कीने काचेला पैलू पाडणारे यंत्र सिद्ध केले, आणि स्वप्रांतातील चढाओढीपासून दूर, जेथे डोंगरातील पाण्याच्या जोरावर यंत्रे चालविता येतील अशा टिरोलमधील वाटेन्स या गावी 1895 साली कारखाना घातला. तेव्हापासून राजवाड्यातील ही वस्तू हळूहळू शिंपिणीच्या आणि नटीच्या पेटीत उतरली. 1956 मध्ये याच कारखान्याने, क्रिस्तियाँ दिओर या फ्रेंच वेशकाराच्या सहकार्याने, खड्यावर धातूचा अतिसूक्ष्म थर चढवून त्यात इंद्रधनुष्याची झाक आणली. आज बाजारात ‘एबी’ या नावाने जी जात विकली जाते ती त्याच प्रयोगाची वंशज होय. इतके रसायन, इतके गणित आणि इतक्या पिढ्यांचे हात ज्या वस्तूमागे उभे आहेत, तिला निव्वळ नकली म्हणून हिणवणे हा अन्यायच आहे.

तथापि खडा चमकतो कसा, हे ठाऊक असल्यावाचून तो कोठे लावावा हे कळावयाचे नाही. कागदावर लावावयाच्या खड्याला वरच्या अंगी पैलू असतात, बूड सपाट असते, आणि त्या बुडाला आरशासारखी कलई केलेली असते. वरून शिरलेला प्रकाश या कलईवर आपटून पैलूंतून परत फिरतो व आपल्या डोळ्यांत शिरतो. हिऱ्याचा अपवर्तनांक 2.42, शिसे घातलेल्या काचेचा 1.6 च्या आसपास किंवा थोडा वर, आणि ज्या ॲक्रिलिकचे खडे मुलांच्या हाती पाकिटे भरभरून पडतात त्याचा सुमारे 1.49, शिवाय साच्यातून निघालेल्या ॲक्रिलिकच्या पैलूंच्या कडा बोथट, त्यामुळे त्याची झळाळी जात्याच मंद. आता कोणताही खडा, मग तो काचेचा असो वा ॲक्रिलिकचा, एका वेळी एका विशिष्ट कोनातूनच लखकन उजळतो, आणि ते उजळणे डोळ्यांना जाणवावे यासाठी त्याच्या भोवताली काहीतरी निस्तेज, शांत असावे लागते. शेजारी शेजारी दोनशे खडे बसविले की प्रत्येकाची लकाकी दुसऱ्याच्या लकाकीत बुडून जाते, आणि हाती येतो तो एक करडा, खरखरीत, अखंड झगमगाट, ज्यावर दृष्टी क्षणभरही ठरत नाही.

या विवेकाचा वस्तुपाठ पाहावयास परदेशी जावयाचे कारण नाही. ज्या तंजावरात 1855 पर्यंत भोसल्यांची गादी नांदली, त्या तंजावरात, आणि विशेषेकरून 1798 ते 1832 या काळात राज्य करणाऱ्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या अमदानीत, जी चित्रशैली बहरास आली तिचा खड्यांवाचून विचारच करता येत नाही. फणसाच्या फळीवर कापड चिकटवावयाचे, त्यावर लेप द्यावयाचा, मग मुकुट, हार, मखर, खांब, सिंहासन यांच्या जागी खडूची पूड व चिंचोक्याची खळ यांचे मिश्रण थापून उठाव आणावयाचा, त्या उठावात खडे बसवावयाचे, त्यावर सोन्याचा वर्ख चढवावयाचा, आणि सर्वांत शेवटी रंगकाम करावयाचे, असा त्या कामाचा दस्तूर. ही चित्रे झगमगीत आहेत यात संशय नाही. किंबहुना काही रसिकांना ती भडकही वाटतील. परंतु लोणी खाणाऱ्या बाळकृष्णाचे एखादे चित्र जवळ जाऊन न्याहाळले तर असे दिसेल की, खडा बसला आहे तो जेथे रत्न असणे युक्त तेथेच, म्हणजे मुकुटात, कंठ्यात, बाजूबंदात आणि मखराच्या कमानीत. बाळाचे गुबगुबीत गाल, त्याचे उघडे पोट आणि हातातील लोण्याचा गोळा ही सारी निव्वळ सपाट रंगात सोडून दिलेली आहेत. लोण्याच्या गोळ्याला एखादा पांढरा खडा लावून द्यावा असा मोह कोणा कारागिराला झालाच नसेल असे मी म्हणणार नाही, पण तो मोह त्याने आवरला, आणि म्हणूनच त्या गालांचा मऊपणा वर्खाच्या एवढ्या लखलखाटातही आपल्यापर्यंत पोहोचतो.

हाच न्याय हातभर कागदाच्या शुभेच्छापत्रालाही लागू करता येईल. पणती काढली असेल तर ज्योतीच्या टोकाशी एक खडा पुरे. मोर असेल तर पिसाऱ्यातील दोन-चार डोळ्यांना. पहाटेचे तृण असेल तर दहिवराच्या एखाद्या थेंबाला. मापाचाही विचार हवा. व्यापारात ही मापे ‘एसएस’च्या आकड्यांनी ओळखतात, सहा क्रमांकाचा खडा सुमारे 2 मिलिमीटर, दहाचा पावणेतीन, सोळाचा 4 च्या जवळपास, आणि विसाचा पावणेपाचापर्यंत. यांपैकी सहा आणि दहा कागदाला शोभतात. विसाचा खडा लुगड्याच्या काठाला किंवा नाटकातील राजाच्या अंगरख्याला राखून ठेवावा. गरम इस्त्रीने चिकटणारे जे खडे मिळतात तेही कापडासाठीच. गोंदाविषयी एवढेच सांगतो की, आपला नेहमीचा पांढरा फेव्हिकॉल पाण्यात केलेला असल्याने तो कागदाला घट्ट धरतो पण कलईच्या गुळगुळीत बुडाला तितका धरत नाही, आणि जास्त लावला तर कडेने बाहेर येऊन खड्याचे तेज झाकून टाकतो. म्हणून काडीच्या टोकावर मावेल इतकाच घ्यावा आणि रात्रभर हलवू नये. टपालाने पाठवावयाचे पत्र असेल तर पाकिटावर शिक्का बसणार आहे याचे भान ठेवून खडा वरच्या उजव्या कोपऱ्याखाली येऊ देऊ नये.

आता मूळ तक्रारीकडे येतो. कार्यानुभवाच्या तासाला जे मूल घरी उरलेल्या लग्नपत्रिकेच्या पाठकोऱ्या भागावर स्वतः चित्र काढून, स्वतः कापून, थोडे वाकडे का होईना पण आपल्या हाताचे पत्र घेऊन येते, आणि ज्या मुलाची आई आदल्या रात्री बोहरी आळीतून चिकटखड्यांचे आयते पान आणून ते जसेच्या तसे पुठ्ठ्यावर उमटवून देते, त्या दोघांत बक्षीस दुसऱ्याला मिळू लागले म्हणजे ती स्पर्धा बोटांची न राहता पाकिटांची होते, आणि मुलांना हे मोठ्यांच्या आधी कळते. पहिली-दुसरीच्या मुलांबाबत तर आणखी एक काळजी आहे. हे बारीक खडे तोंडात जाण्याइतके लहान असतात. आणि जुन्या धर्तीच्या काचेत शिसे असते, ज्यापायी अमेरिकेत मुलांच्या वस्तूंतील शिशावर मर्यादा घालणारा 2008 सालचा कायदा आला तेव्हा असे खडेही त्याच्या कचाट्यात सापडले. मोठ्या कारखान्यांनी नंतर शिशावाचून काच करण्याची तजवीज केली खरी, परंतु सुट्या पाकिटावर कारखान्याचे नावही नसते तेथे विक्रेत्याची शपथ कोण घेणार?

सबब माझे मागणे साधे आहे. येत्या दिवाळीच्या प्रदर्शनाची नियमावली काढताना शाळांनी तीत एक कलम घालावे की, कोणत्याही शुभेच्छापत्रावर पाचाहून अधिक खडे लावता येणार नाहीत, आणि ते शाळेनेच सर्वांना सारखे पुरवावेत. 144 नगांच्या एका ग्रोसमध्ये अठ्ठावीस मुलांची सोय होऊन वर चार खडे उरतात. शाळेच्या खर्चात ही रक्कम कोणाच्या नजरेतही भरणार नाही. आणि परीक्षकांनी गुण देण्यापूर्वी प्रत्येक मुलाला जवळ बोलावून एवढेच विचारावे: हा खडा तू येथेच का लावलास? ज्याला उत्तर देता येईल त्याला, त्याची कात्री थोडी वाकडी चालली असली तरीही, पहिला क्रमांक द्यावा.